सुवर्णमहोत्सव करताना आधी खुर्ची बघा

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणजे उत्सवमूर्ती सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आले. एवढी एकच गोष्ट धरून बेत आखला तर कार्यक्रम रंगतो. लग्नाच्या रिसेप्शनची नक्कल केली की फसतो, कारण रिसेप्शनला पंचविशीतली मुलं तीन तास उभी राहू शकतात. इथे बाबांची साखरेची गोळी आणि जेवण यांची वेळ ठरलेली असते, आणि आईच्या गुडघ्यांना पायऱ्या नको असतात.

साधा हिशोब करा. दीडशे पाहुणे, प्रत्येकाचा नमस्कार, गुच्छ आणि फोटो मिळून एक मिनिट. अडीच तास झाले. तेवढा वेळ दोघांनी दर मिनिटाला उठबस करायची आणि एकाशीही धड बोलायचं नाही, असला सोहळा कशाला करायचा?

म्हणून पहिली चौकशी जेवणाची नाही, खुर्चीची करा. हॉलवाले जो सोनेरी 'महाराजा' सोफा देतात त्याची बैठक खोल, बुटकी आणि मऊ असते. त्यात बसलं की माणूस रुततो, गुडघे वर येतात आणि उठताना हाताला आधार सापडत नाही. फोटोत तो छान दिसतो, पण तासाभरात कंबर धरते. त्यापेक्षा सरळ पाठीच्या, लाकडी हातांच्या दोन खुर्च्या आणा. बैठक जमिनीपासून १८-१९ इंच असावी, वर पातळ आणि घट्ट गादी, मागे शाल. स्टेजही नकोच. दीड-दोन फूट उंचीच्या स्टेजच्या पायऱ्या बहुधा सुट्या असतात आणि त्यांना कठडा नसतो. उत्सवमूर्ती हॉलच्या मध्यावर जमिनीलगतच बसू देत, भोवती अर्धवर्तुळात पाहुण्यांच्या खुर्च्या मांडा. गालिचा अंथरलात तर त्याच्या कडा चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने दाबून टाका. पाय अडकतो तो तिथेच. हॉल बघायला जाल तेव्हा कमोड आहे का आणि बसायच्या जागेपासून तो किती पावलांवर आहे, हेही स्वतः चालून बघा.

तारखेचा घोळ जवळजवळ प्रत्येक घरात होतो. तिथी आणि इंग्रजी तारीख साधारण दर १९ वर्षांनी जुळतात, म्हणजे १९, ३८ आणि ५७ व्या वर्षी. पन्नासाव्याला त्या जुळत नाहीत, त्यामुळे कुणाचंच चुकत नसतं. १९७६ च्या मे-जूनमध्ये ज्यांची लग्नं झाली त्यांच्यासाठी २०२६ मध्ये आणखी एक गाठ आहे: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ज्येष्ठातली तिथी धरायची तर निज ज्येष्ठ येईपर्यंत पाऊस दारात आलेला असतो, म्हणजे उघडं लॉन बाद. सोपा मार्ग असा, की तिथीला घरी पूजा आणि औक्षण, सगळ्यांना बोलावून जेवण मात्र सोयीच्या रविवारी. वाढदिवसाला मुहूर्त लागत नाही. पण घरातल्या ज्येष्ठांना अधिक महिना खटकत असेल तर वाद घालू नका, तो महिना संपल्यावरचा रविवार धरा.

वेळ सकाळची ठेवा, साडेदहा ते दीड. संध्याकाळ धरली तर उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि म्हाताऱ्या पाहुण्यांना अंधारात घरी पोचवायचं काम वाढतं. अमेरिकेतल्या नातवंडांसाठी मात्र सकाळ अडचणीची. आपले अकरा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचा दीड वाजलेला असतो. त्यांच्याकडून ४० सेकंदांचे व्हिडिओ आधीच मागवा, फोन आडवा धरून घेतलेले. थेट कॉल आदल्या संध्याकाळी साडेसातला घरूनच करा, तेव्हा तिकडे सकाळचे दहा असतात.

यादी करताना जुन्या लग्नाचा अल्बम समोर घ्या. करवली कोण होती, मामा कोण, पंगतीत वाढायला कोण होतं, वाड्यातले शेजारी कोण. त्यांतले जे हयात आहेत त्यांना पहिलं आमंत्रण, तेही घरी जाऊन. मग नोकरीतले सोबती. नाशिकच्या या पिढीत प्रेसमधले (नोटांचा सरकारी छापखाना), एचएएलमधले (विमानांचा कारखाना), मायकोतले (आताची बॉश) असे घट्ट गट असतात. प्रेसवाले नाशिकरोड-जेलरोडकडे, मायकोवाले सातपूर-इंदिरानगरकडे, एचएएलवाल्यांपैकी बरेच ओझरला. लॉन भले गंगापूर रोडला छान असेल, पण ओझरहून ऐंशीच्या माणसाने दोन रिक्षा बदलून तिथे यायचं का? द्वारका-मुंबई नाका परिसरातला साधा हॉल सगळ्यांना मधला पडतो. प्रत्येक गटातल्या एका चालत्या-फिरत्या माणसाकडे गाडीचं काम सोपवा आणि आठवडाभर आधी फोन करून पक्कं करा. पत्रिकेत 'आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत' हे ठळक छापा, तरी काही जण आणतीलच. दाराशी एक टेबल आणि एक भाचा बसवा, म्हणजे ते उत्सवमूर्तींच्या मांडीवर येऊन पडणार नाहीत.

औक्षणाला पन्नास दिवे लावायची पद्धत सुंदर आहे, पण ती आधी घरी करून बघावी. कणकेच्या पन्नास दिव्यांना अर्धा किलो कणीक पुरते. चिमूटभर हळद घालून घट्ट भिजवा, खोलगट दिवे करून दहा मिनिटं वाफवा. कच्च्या दिव्याला चिरा पडतात आणि तूप झिरपतं. फुलवाती आदल्या दिवशीच तुपात भिजवून ठेवा. दिव्याला चमचाभर धरलं तर पाव किलो तूप लागतं. आता खरी अडचण: पन्नास पेटते दिवे एका ताटात घेऊन ओवाळता येत नाही. ताट तापतं, हात थरथरतो आणि समोर रेशमी साडी असते. दिवे मोठ्या परातीत, चौरंगावर, दोघांपासून तीन फुटांवर मांडा. ओवाळायला साधं निरांजन वापरा. पंखे पाच मिनिटं बंद. पेटवायला दोन्ही बाजूंनी दोघी बसल्या तर पहिला दिवा मंदावण्याआधी शेवटचा लागतो.

आणि ओवाळणार कोण? पन्नास वर्षांनंतर त्या पिढीतल्या कितीतरी बहिणी, जावा, मैत्रिणी एकट्या राहिलेल्या असतात. 'पाच सुवासिनी पुढे या' असा पुकारा झाला की त्या मुकाट्याने मागच्या रांगेत सरकतात. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: असा पुकारा करूच नये. नावं आदल्या दिवशी ठरवा आणि पहिलं नाव नवरीच्या थोरल्या बहिणीचं किंवा नणंदेचं असू द्या, मग तिचं कपाळ कसंही असो. जिने त्या लग्नात हळद लावली तिच्या हातचं औक्षण सगळ्यात मोलाचं. ऐन वेळी कुणी भुवई उंचावू नये म्हणून घरातल्या मोठ्यांशी आधीच बोलून ठेवा. जोड्यांचे खेळही याच कारणाने टाळा. एकटे आलेले काका-काकू ते बघत बसतात, आणि त्यांच्या मनाला काय होत असेल हे सांगायला नको.

उखाणे हवेतच. बाबांनाही घ्यायला लावा, पण मायक्रोफोन त्यांच्या हातात देऊ नका. ज्येष्ठ माणसं तो छातीशी धरतात, मग मागे काही ऐकू येत नाही. नातवाने धरावा, ओठांपासून चार बोटांवर. मनोगतं पाचच, प्रत्येकी तीन मिनिटं. मागे गाणी लावायची तर अगदी हळू; कानाला यंत्र लावलेल्यांना मोठ्या आवाजात शेजारच्याचं बोलणंच कळत नाही.

हार निवडताना वजन बघा. जाडजूड गुलाबाचा दोन किलोचा हार सत्तरीच्या मानेला जाचतो. निशिगंध किंवा मोगऱ्याचा सुटसुटीत हार घ्या आणि टोकाला गुलाबाचं एक पदक लावा. जानोरीकडचा गुलाब शेजारच्या दिंडोरी तालुक्यातूनच येतो, तो ताटातल्या सजावटीला भरपूर वापरा.

जेवण शंभर माणसांचं धरलं तर मसालेभाताला साडेसहा-सात किलो तांदूळ, वरणाला तीन किलो तूरडाळ, बटाट्याच्या भाजीला दहा-बारा किलो बटाटे आणि पुरीला आठ किलो कणीक लागते. जिलबी दहा किलो आणि मठ्ठा वीस-पंचवीस लिटर. जिलबीऐवजी श्रीखंड करायचं तर आठ-दहा किलो. त्यातलं निम्मं वजन साखरेचं असतं, म्हणून वाट्या लहान ठेवा आणि ज्यांना गोड चालत नाही त्यांच्यासाठी फळांची एक ताटली वेगळी काढा. फेब्रुवारी-मार्च असेल तर आपली द्राक्षं आहेतच. दोन पदार्थ हमखास बिघडतात. मठ्ठा सकाळी सातला घुसळून ठेवला की उन्हाळ्यात बारापर्यंत आंबतो. म्हणून दही थंड ठेवा, पानं मांडायच्या अर्धा तास आधी घुसळा आणि आलं-मिरची-मीठ तेव्हाच घाला. पुऱ्या आधी तळून डब्यात भरल्या की वाफेने चामट होतात. कवळी असलेल्यांना त्या तोडवत नाहीत. कढई पंगतीच्या वेळीच पेटवायला सांगा. मसालेभातात तिखट निम्मं ठेवा आणि ठेचा बाजूला द्या.

बुफे तरुणांसाठी ठीक. साठीच्या पुढच्यांना टेबल-खुर्चीवर पंगत वाढा, वीस माणसांमागे दोन वाढपी. उत्सवमूर्तींचं पान पहिल्याच पंगतीत मांडा, 'सगळ्यांचं झालं की बसू' हे त्यांचं बोलणं ऐकू नका. जाताना पाहुण्यांच्या हातात फोटो छापलेला मग देण्यापेक्षा पाव किलो नाशिकचा चिवडा आणि मूठभर मनुका द्याव्यात. त्या घरी खाल्ल्या जातात.

राहिला लग्नातला शालू. तो नेसवण्याचा मोह सगळ्या लेकी-सुनांना होतो. पन्नास वर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच विरतं. नेसताना निऱ्यांना ताण पडला की सरळ रेषेत फाटतं आणि रफूही धरत नाही. गरम इस्त्री फिरवलीत तर आणखी लवकर. महिनाभर आधी तो काढून सावलीत पसरा, घड्या हाताने सोडवा. आईला नवी, हलक्या वजनाची पैठणी नेसवा. येवला नाशिकहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. ब्लाऊजसाठी तीन आठवडे हातात ठेवा. शालूचा पदर तेवढा शेल्यासारखा खांद्यांवरून सोडा, आत मऊ मलमलीचं अस्तर टाचून, टाचण्या नाही तर कच्च्या टाक्याने. कार्यक्रम संपला की टाके उसवून शालू सुती कापडात गुंडाळा, यावेळी घडी दुसऱ्या जागी पाडून.