नव्या एजन्सीत एक वर्ष: नवी मुंबईतल्या रीसेलचा माझा अनुभव

घरांच्या दलालीच्या नव्या एजन्सीत रुजू होऊन वर्ष झालं. ऑफिस कोपरखैरण्यात, काम ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या रीसेलचं, म्हणजे जुन्या घरांच्या फेरविक्रीचं, आणि भाड्याच्या घरांचं. या वर्षात माझी एक सवय मुळापासून बदलली. पूर्वी पार्टी आली की चावी घेऊन निघायचे. आता ओनरची फाइल पाहिल्याशिवाय मी घर दाखवत नाही. इथे भावावरून मोडलेले सौदे कमी, कागदावरून मोडलेले जास्त, आणि ते मोडतात टोकन, म्हणजे बयाणा, दिल्यावर. तोवर दोन्हीकडची माणसं पुढची व्यवस्था करून बसलेली असतात.

एजन्सी बदलणाऱ्यांसाठी आधी दोन गोष्टी. बिल्डरच्या नव्या प्रकल्पातली घरं विकायची असतील तर एजन्सीचा महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नंबर पुरत नाही. गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या माणसाकडे सक्षमता प्रमाणपत्र लागतं. २० तासांचं प्रशिक्षण आणि ऑनलाइन परीक्षा; १ जानेवारी २०२४ पासून हे सक्तीचं आहे. स्वतःच्या नावाने नोंदणी करायची तर व्यक्तीला १०,००० रुपये शुल्क आणि ५ वर्षांची मुदत. दुसरी गोष्ट पैशांची. दलालीतला वाटा किती हे सगळे विचारतात, तो हातात कधी पडणार हे विचारायचं राहून जातं. रीसेलमध्ये टोकनपासून पूर्ण पेमेंटपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. दुसऱ्या महिन्यात सौदा जमला तरी पैसे पाचव्या महिन्यात येतात. तेवढ्या काळाचा घरखर्च बाजूला ठेवूनच उडी घ्यावी.

आता फाइल. मी सर्वात आधी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, मागते आणि ते उलटं करते. मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता असतो: तारीख, नव्या सभासदाचं नाव, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. घराच्या हातबदलाचा सगळा इतिहास त्या चार ओळींत असतो. शेवटच्या ओळीतलं नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं नाव एकच हवं. बरेचदा तिथे वारलेल्या वडिलांचं नाव असतं आणि मुलगा म्हणतो, 'नॉमिनी मीच आहे.' नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आई, भाऊ, लग्न झालेल्या बहिणी, सगळ्या वारसांनी सही करून विकायचं किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. एक बहीण परदेशात असेल तर यातच महिना-दीड महिना जातो. म्हणून हे काम टोकनच्या आधीच उरकायचं.

त्यानंतर करारांची साखळी. पहिल्या अलॉटमेंटपासून आजपर्यंतचा प्रत्येक करार, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी गोषवारा). मधला एखादा मूळ करार हरवलेला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, एवढं झाल्याशिवाय बँक फाइल पुढे सरकवत नाही. घणसोली, कोपरखैरणे, खारघर, उलवे या भागांत साडेबारा टक्के योजनेच्या, म्हणजे जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना मोबदल्यात मिळालेल्या, भूखंडांवरच्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे मूळ प्रकल्पग्रस्त, बिल्डर आणि सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) यांच्यातला त्रिपक्षीय करार आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) हे दोन्ही कागद डोळ्यांनी पाहायचे. गावठाणातली घरं स्वस्त मिळतात, पण तिथल्या बऱ्याच इमारतींना बांधकाम परवानगीच नसते, म्हणून बँक कर्ज देत नाही. हे मी घेणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांगते. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

बाहेरून येणाऱ्यांना सिडकोचा भाग अवघड वाटतो. इथली जमीन सिडकोने भाडेपट्ट्यावर दिलेली आहे, त्यामुळे जिथे पट्टा लागू आहे तिथे सोसायटीच्या एनओसीबरोबर सिडकोचीही परवानगी लागते. ट्रान्सफर चार्जेस नोड (सिडकोने आखलेला शहराचा विभाग) आणि क्षेत्रफळ पाहून ठरतात. भांडण होतं ते हे कोण भरणार यावरून. ठरल्या भावात ते धरलेत की नाहीत, हे टोकनच्या कागदावर एका ओळीत लिहून घ्यायचं. त्याच कागदावर सोसायटी सभासद बदलताना घेते त्या हस्तांतर प्रीमियमची बोली लिहायची. त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे, 'डोनेशन' म्हणून त्यावर मागितलेल्या रकमेला आधार नाही.

खर्चाचा हिशेबही मी टोकनच्या आधीच लिहून देते. ऐरोलीत ९० लाखांचं घर घेतलं तर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ६ लाख ३० हजार, आणि नोंदणी फी ३०,०००. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे ९०,००० वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत करारापेक्षा जास्त निघाली तर शुल्क त्या किमतीवर भरावं लागतं. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (प्राप्तिकराची कपात) कापून भरायचा. दोन विकणारे आणि दोन घेणारे असतील तर चार वेगळे फॉर्म, प्रत्येक जोडीचा एक. इथे विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते आधी तपासा. जोडलेलं नसेल तर टीडीएसचा दर २० टक्क्यांवर जातो आणि ठरलेल्या पेमेंटचं गणितच कोसळतं.

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारं पत्र) आणि बँकेत असलेल्या कागदांची यादी घ्यायची. फोरक्लोजर लेटरला मुदत असते. ती टळली की व्याजासह नवा आकडा येतो, म्हणून घेणाऱ्याच्या बँकेचा चेक कधी निघणार हे विचारूनच लेटर मागवावं. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. विकणाऱ्याला हे सांगून ठेवलं की तो पाठपुरावा नीट करतो.

भाड्याचं काम त्यामानाने सरळ. ११ महिने, ३०,००० भाडं, १ लाख अनामत असेल तर मुद्रांक सुमारे ८५० रुपये आणि नोंदणी फी १,०००. आधारवर अंगठा लावून घरबसल्या नोंदणी होते. नोंदणी टाळणाऱ्या मालकाचं काम मी घेत नाही, कारण पुढे वाद झाला तर कागदाविना तोच अडचणीत येतो.

ताब्याच्या दिवशी दोन्ही पार्ट्यांना मीटरच्या खोलीत नेते. महावितरणच्या मीटरचं रीडिंग, गॅस मीटरचं रीडिंग, दोन्हींचे फोटो दोघांच्या फोनवर त्याच मिनिटाला पाठवते. मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र आणि मालमत्ता कराची शेवटची पावती घेणाऱ्याच्या हातात देते. चाव्या मोजून द्यायच्या, लेटरबॉक्सची धरून. मग वीजबिल आणि मालमत्ता करावरचं नाव बदलण्याचे अर्ज तिथेच भरून सह्या घेते, कारण विकणारा एकदा दुसऱ्या गावी गेला की त्याची सही मिळवायला पुन्हा महिना लागतो.