साडेपाच बोटांची बासरी

“माऊली, साडेपाच बोटांची बासरी मिळंल का?”

रविवारची सकाळ. गॅलरीत शेगडी पेटवून सळया तापत ठेवल्या होत्या, तेवढ्यात हे गृहस्थ दारात. पन्नाशी उलटलेली, गळ्यात तुळशीची माळ, आळंदीजवळच्या एका गावातल्या भजनी मंडळात बासरी वाजवतात. त्यांनी उजवा हात पुढं केला. अनामिका मधल्या पेरातून गेलेली.

बासरीचा धंदा घरी सुरू करण्याआधी मी भोसरीत टूलरूमला फिटर होतो, त्यामुळं बोट कशानं गेलं हे विचारावं लागलं नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतल्याशिवाय रॅम, म्हणजे वरून आदळणारा ठोकळा, खाली येऊ नये म्हणून. माल जास्त निघावा म्हणून कुठं कुठं त्यातलं एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवतात. “बटन बांधलं होतं,” एवढंच ते म्हणाले आणि पिशवीतून जुनी बासरी काढली.

पांढरी पाचची, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीला षड्ज धरणारी बासरी, चोवीस इंचांची. तिचं सर्वांत खालचं, सहावं छिद्र नेमकं उजव्या अनामिकेखाली येतं. सहाही बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, सहावं उघडलं की धैवत, पाचवंही उघडलं की निषाद, आणि वरची तीनच बंद ठेवली की षड्ज. छिद्र पूर्ण झाकलंय की नाही हे बोटाच्या कातडीला कळतं, आणि थोटकाच्या टोकाला ते कळत नव्हतं. केसाएवढी फट राहिली तरी मंद्र पंचम बोलत नाही. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं पंचमाशिवाय वाजवत होता. कुणीतरी त्यांना हात बदलून वाजवायला सांगितलं होतं. सल्ला देणाऱ्यानं बासरी कधी हातात धरली नसावी, कारण दोन्ही हातांना तीन-तीन बोटं लागतातच.

उरली करंगळी. त्यात नवं काही नाही. बासरीवादक पन्नालाल घोषांनी लांब बासरीला सातवं छिद्र जोडलं तेही करंगळीसाठीच होतं. पण त्यांच्या बासरीत अनामिका आपल्या जागी होती. इथं मधल्या बोटानंतर एकदम करंगळी, मध्ये थोटूक बांबूवर टेकलेलं.

इंटरनेटवर बासरीची छिद्रं मोजून देणारी कोष्टकं भरपूर आहेत. नळीचा व्यास टाका, पट्टी टाका, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत आकडे मिळतात. मीही ती वापरतो. पण ती सगळी छिद्रं एका रेषेत धरतात आणि बोटं कुणाची आहेत हे त्यांना ठाऊक नसतं. माझं मत उलटं आहे: जागा आधी बोटांनी सांगायची, स्वर त्यानंतर मिळवायचा.

म्हणून बांबूला हात न लावता त्याच जाडीचा पीव्हीसी पाईप घेतला. त्यांच्या बोटांना प्रशियन ब्ल्यू लावला. दोन पृष्ठभाग कुठं टेकतात ते बघायला फिटर लोक वापरतात तो निळा रंग. ते बघून गडी हसला, “हे तर आमच्या डायवाल्यांचं.” डोळे मिटून पाईप नेहमीसारखा धरायला लावला. वरचे पाच ठसे जवळपास रेषेत, करंगळीचा मात्र चांगला सेंटिमीटरभर त्यांच्या अंगाकडं सरकलेला. याची मला चिंता नव्हती. छिद्र नळीभोवती फिरवलं तरी स्वर तोच राहतो. तोंडापासूनचं अंतर आणि छिद्राचा आकार, हिशेब त्यांचा.

अडचण आकाराचीच होती. या मापाच्या बासरीला सहावं छिद्र नऊ मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यांची करंगळी सातच्या वर झाकेना. छिद्र लहान केलं की धैवत उतरतो. तो चढवायला छिद्र पाच-सहा मिलिमीटर तोंडाकडं घ्यावं लागलं. तेवढ्यानं धैवत जुळला, पण निषाद बिघडला. सहावं बारीक झाल्यानं पाचव्यातून निघणाऱ्या स्वरालाही वाट अपुरी पडते आणि तो खाली येतो. मग पाचवं रुंद केलं. दुपारपर्यंत पाईपवर छिद्रं पाडायची, मेणानं बुजवायची, पुन्हा पाडायची हेच चाललं होतं. मधे जेवण आमच्याकडंच झालं. एकादशी नव्हती, नाहीतर घरात साबुदाणाही नव्हता.

पट्टीचा प्रश्न त्यांनीच काढला. मोबाइलवर त्यांच्या मंडळाच्या पेटीचं रेकॉर्डिंग होतं. सूर मोजणाऱ्या ट्यूनरला लावलं तर पेटी पांढरी पाचच्या वर, वीसेक सेंट चढलेली. अर्ध्या सुराचे 100 सेंट धरतात, त्या मानानं हे थोडकं वाटेल, पण शेजारी बसून वाजवणाऱ्याच्या कानाला टोचतं. मी ट्यूनर बाजूला ठेवला आणि पेटीला धरून लावायचं ठरवलं. त्यातही हवेचा हिशेब आला. हवा दहा अंशांनी तापली तर स्वर तीसेक सेंट चढू शकतो. काकड्याला पहाटेच्या थंडीत वाजवणार की रात्रीच्या भजनाला मंडपात, असं विचारलं. “दोन्हीला,” म्हणाले. तेव्हा अंगावर घेऊन गरम केलेल्या बासरीला धरूनच लावली. पहाटे तिला चार फुंकरी जास्त द्याव्या लागतील हे सांगून ठेवलं.

गंधाराला थोडं थांबलो. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार ट्यूनरवर 14 सेंट खाली दिसतो, पेटीचा मात्र बरोबर काट्यावर. दोघांच्या मधे ठेवला. बाकी ओठानं घेता येतं.

मग बांबू. आसामातल्या सिलचरकडचा, पातळ आणि लांब पेराचा, माळ्यावर वाळवून ठेवलेला. ड्रिलनं बांबू चिरतो, म्हणून लाल सळईनं आधी बारीक भोक आणि पुढं गोल कानशीनं इवलं इवलं. कानस मारली की स्वर चढतोच, म्हणून प्रत्येक छिद्र उतरतं ठेवून वर न्यायचं. सहाव्यापाशी एक जास्तीचं काम केलं. भोवतीचा बांबू बाहेरून खोलगट तासून भिंत तीनाची दोन मिलिमीटर केली. करंगळीला बसायला जागा झाली आणि भिंत पातळ झाल्यानं बारीक छिद्रही मोकळं बोलायला लागलं. तिथं चीर जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना दोरा गुंडाळणं आलंच.

त्यांनी सहाही बोटं ठेवून फुंकर घातली. आधी नुसती हवा. दुसऱ्यांदा पंचम आला, भरदार. ते थांबले नाहीत, लगेच पंचमावरून धैवत, निषाद, षड्ज असे चढत गेले आणि करंगळी दमेपर्यंत तेवढंच वाजवत राहिले. शेजारच्या काकूंनी, ज्या एरवी धुराची तक्रार घेऊन येतात, भिंतीपलीकडून विचारलं, “आज कोण आलंय हो?”

पैशांवरून मात्र घासाघीस झाली. मी नेहमीचा दर सांगितला, त्यांना पाईपच्या कामाचे वेगळे द्यायचे होते. शेवटी पाईप ते घेऊन गेले, करंगळीला सवय व्हावी म्हणून. बासरी तेल पिऊन, दोरा चढवून नंतर दिली.

परवा फोन आला. खाली सगळं ठीक आहे, वरच्या सप्तकातला धैवत लांबवला की उतरतो. उतरणारच. बारीक छिद्राचा वरचा स्वर खालच्याइतका चढत नाही. छिद्राची कड आतून तासली तर बराच सुधारेल, पण ती बोटं समोर असताना करायची गोष्ट आहे. येत्या रविवारी या म्हटलं, आणि पेटीवाल्यालाही घेऊन या.