कुठला अली आणि कुठला टायसन?

मुहम्मद अली विरुद्ध माईक टायसन अशी मॅच झाली असती तर कोण जिंकलं असतं, एवढा एक प्रश्न चार बॉक्सिंगवेड्यांमध्ये टाकायचा आणि गंमत बघत बसायचं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यातलाच हा प्रकार, हे सगळ्यांना कळतं तरी आवाज चढतात, आणि कुणीतरी हमखास मोबाईल काढून क्लिप नाचवतो की हा हूक (कोपरात वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेला ठोसा) बघ आणि मग बोल.

माझं म्हणणं, आधी साल सांगा. अलीवाला माणूस गुपचूप 1966 चा अली आणतो, मागे सरकता सरकता ठोसे मारून क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या राउंडमध्ये संपवणारा. आणि त्याच्यासमोर टायसन कुठला उभा करतो, तर 1990 चा, टोकियोत बस्टर डग्लसचा मार खाऊन खाली पडलेला, रिंगमध्ये गुडघ्यांवर तोंडातलं गार्ड चाचपडत शोधणारा. टायसनवाला काही कमी नाही. त्याचा टायसन 1988 चा, मायकल स्पिंक्सला 91 सेकंदात झोपवणारा, आणि अली मात्र 1980 चा, 38 वर्षांचा, लॅरी होम्सचे ठोसे नुसता झेलत बसलेला, शेवटी कोपऱ्यातून त्याचा ट्रेनर डंडीनेच थांबवलं तो. म्हणजे आपला तो ऐन भरातला आणि दुसऱ्याचा तो निवृत्तीला आलेला, अशी मॅच लावल्यावर निकाल काय वेगळा लागणार आहे?

बरं, दोघंही ऐन भरातले घेतले तरी प्रश्न सुटत नाही. अमक्याने तमक्याला हरवलं म्हणजे तो मोठा, हे गणित बॉक्सिंगमध्ये चालतच नाही. 1971 मध्ये जो फ्रेझरने अलीला हरवलं. 1973 मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा जमिनीवर पाठवलं. मग फोरमनपुढे अलीचं काय होणार, असं सगळं जग म्हणत होतं आणि 1974 मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात अलीने आठव्या राउंडमध्ये फोरमनला आडवा केला. आता लावा नंबर! हे तिघं तर एकाच काळातले, आणि आपण निघालोय वेगवेगळ्या काळातले लोक भिडवायला.

हे काम कॉम्प्युटरकडूनही करून घेतलंय बरं का. 1967 मध्ये मरे वोरोनर नावाच्या एका रेडिओ प्रोड्युसरने जुन्या-नव्या हेवीवेट चॅम्पियनची माहिती कॉम्प्युटरला घालून रेडिओवर अख्खी टूर्नामेंट लावली. त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला, अली भडकला आणि त्याने बदनामीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. कधी न झालेल्या मॅचमध्ये हरवलं म्हणून कोर्टात जाणं हे अलीच करू जाणे. मग तडजोड झाली आणि त्यातून 1969 मध्ये मायामीच्या स्टुडिओत अली आणि जुना चॅम्पियन रॉकी मार्सियानो फिल्मसाठी खरोखर समोरासमोर आले. अलीवर तेव्हा बंदी, सैन्यात भरती व्हायला नकार दिला होता म्हणून, आणि मार्सियानो पंचेचाळिशीचा, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेला, बरंच वजन उतरवून आणि डोक्यावर केसांचा टोप चढवून आलेला. वेगवेगळे शेवट शूट करून ठेवले, कुठला वापरणार ते दोघांनाही माहीत नाही. 1970 मध्ये ही फिल्म थिएटरात लागली तेव्हा त्यात मार्सियानोने तेराव्या राउंडमध्ये अलीला नॉकआउट केलं होतं, पण युरोपात जी दाखवली त्यात म्हणे अली जिंकला. म्हणजे कॉम्प्युटरलाही प्रेक्षक कळत होते. अली म्हणाला, हा कॉम्प्युटर अलाबामात (काळ्यांशी भेदभावासाठी बदनाम असलेलं अमेरिकेतलं राज्य) बनवलेला असणार! आणि मार्सियानोला आपण जिंकलो हे कधी कळलंच नाही, पिक्चर लागायच्या आधीच तो विमान अपघातात गेला.

मार्सियानोचंच घ्या. 49 मॅच, 49 विजय, आणि वजन साधारण 188 पाउंड. आज हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटाची हद्दच 200 पाउंडांची आहे, म्हणजे आजच्या हिशोबाने तो हेवीवेटमध्ये बसतच नाही. मग सहा फूट नऊ इंचांच्या टायसन फ्युरीसमोर त्याला उभं करणं हा अन्याय की क्रूझरवेटमधून वर आलेल्या उसिकने फ्युरीला हरवलं म्हणून चालतंय? आणि नियम कुठल्या काळाचे? 1919 मध्ये जॅक डेम्प्सी खाली पडलेल्या जेस विलार्डच्या शेजारीच उभा राहायचा आणि तो उठला रे उठला की पुन्हा हाणायचा, तेव्हा ते चालायचं. पुढे लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचा नियम आला आणि 1927 मध्ये डेम्प्सी तेच विसरला म्हणून त्याने पाडलेल्या जीन टनीला उठायला वरचे काही सेकंद मिळाले. डेम्प्सीला आजच्या रिंगमध्ये आणलं तर त्याचं अर्धं शस्त्र रेफरीच काढून घेईल.

आणि दोन काळांची टक्कर खरोखर झालीच नाही असंही नाही. किन्शासात हरलेला तोच फोरमन 1994 मध्ये, वय 45, त्याच मॅचमधली लाल चड्डी घालून आला आणि 26 वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या राउंडमध्ये पाडून चॅम्पियन झाला. पॉइंटवर तोपर्यंत हरतच होता. हे कुठल्या कॉम्प्युटरने सांगितलं असतं?

तरी माझं मत विचारलंत तर 1966 चा अली, पण मॅच पंधरा राउंडची पाहिजे. टायसन पहिल्या चार राउंडमध्ये जाम भारी पडेल, पण जे त्याला घाबरले नाहीत, लांबून जॅब (हात सरळ लांबवून मारलेला झटपट ठोसा) मारत राहिले आणि जवळ आला की मिठी मारत राहिले, त्यांनी त्याला दमवलंय, आणि मान खाली दाबून मिठी मारण्यात अलीचा हात कोण धरणार. भीती एकच, डावा हूक. अली त्याला कायम सापडायचा, फ्रेझरने त्याच हूकने पाडला आणि त्याआधी 1963 मध्ये हेन्री कूपरनेही. कूपरचा हूक चौथा राउंड संपता संपता बसला म्हणून घंटेने अलीला वाचवलं. टायसनचा राउंडच्या सुरुवातीलाच बसला तर माझी पैज कॅन्सल समजा.