तीन तासांच्या ब्लॉकमध्ये कॅमेरा घेऊन

नागपूर स्टेशनच्या १९२५ सालच्या दगडी इमारतीचे फोटो मी कितीतरी वेळा काढले होते, परंतु तिच्यासमोरून जाणारे रूळ बदलतात कसे, हे कधी पाहिले नव्हते. गेल्या जानेवारीत अजनी आणि खापरी यांच्या दरम्यान ते पाहायला मिळाले. परवानगीला दीड महिना लागला. पहिला अर्ज परत आला आणि तो यायलाच हवा होता. कॅमेऱ्याचा स्टँड किती उंच असेल, फ्लॅश वापरणार का, यांतले मी काहीच लिहिले नव्हते. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि तिच्यापासून दोन मीटरच्या आत काहीही नेता येत नाही, म्हणून उंच स्टँड बाद झाला. शेजारच्या लाइनवर गाड्या चालूच राहणार असल्याने लोको पायलटचे डोळे दिपतील म्हणून फ्लॅशही बाद झाला.

ब्लॉक, म्हणजे कामासाठी त्या लाइनवरच्या गाड्या थांबवण्याची मुभा, रात्री सव्वा वाजता मिळायचा होता, तो मिळाला एक चाळीसला. तोवर पन्नासेक माणसे थंडीत शेकोटीभोवती बसून होती, आणि ब्लॉक मिळाल्याचे कळताच दोन मिनिटांत शेकोटीजवळ कोणी उरले नाही. नवा रूळ आधीच बाजूला आणून ठेवलेला होता. मीटरला ६० किलो या हिशेबाने तेरा मीटरचा एक तुकडाच ७८० किलोचा होतो. तो पहारींनी, एका आवाजावर, वीतवीत सरकतो.

माझे पहिले चाळीसेक फोटो वाया गेले. जॅकेटच्या पट्ट्या पांढऱ्याफटक आणि चेहरे काळे, असे का होते आहे ते बराच वेळ उमगेना. दोष माझ्याच कपाळावरच्या दिव्याचा होता, कारण त्या पट्ट्या प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेला परत फेकतात. दिवा विझवला आणि कामाच्या झोताला आडवा उभा राहिलो, तेव्हा चेहरे दिसू लागले. तेवढ्यात मुकादमाने हटकले, "भाऊ, इथं उभे राहाल तं पहार लागन पायावर." त्यांनी दाखवलेली जागा मला दूर वाटली होती, पण सगळी टोळी एका चौकटीत तिथूनच मावत होती.

खरी कसोटी लागली थर्मिट जोडाच्या, म्हणजे वितळलेले लोखंड ओतून रूळ सांधण्याच्या वेळी. दोन रुळांच्या टोकांत सुमारे २५ मिलिमीटरची फट ठेवतात, तिच्याभोवती साचा बसवून कडा ओल्या मातीने लिंपतात, आणि टोके लालबुंद होईपर्यंत बर्नरने तापवतात. हे लिंपणे करणारे काका पोळीच्या कणकेवरून फिरवावा तसा अंगठा मातीवरून फिरवत होते. एक बारीक भेग राहिली तरी वितळलेले लोखंड बाहेर येते. मग वरच्या मुशीतली ॲल्युमिनियम आणि आयर्न ऑक्साइडची भुकटी पेटवली. काळोखासाठी लावलेले सेटिंग त्या उजेडापुढे निकामी ठरले आणि पहिल्या जोडाचा फोटो नुसता पांढरा आला. दुसऱ्या जोडाला मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० वरून २०० वर आणला आणि शटर १/१००० सेकंदावर ठेवले. ठिणग्यांचा एकेक धागा सुटा आला, आणि काकांच्या चष्म्यात पेटलेली मूसही.

काम संपत आले तेव्हा मुकादमाने स्क्रीनवर फोटो दाखवायला सांगितले. त्यांनी ठिणग्यांकडे पाहिलेही नाही. रूळ खालच्या स्लीपरला जखडणाऱ्या एका क्लिपवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे पुरी बसली नाही वाटते." फोटो किती वाजताचा, हे विचारून ते बॅटरी आणि हातोडा घेऊन त्या स्लीपरपर्यंत चालत गेले. क्लिप नंतर ठोकली गेली होती. तरीही त्यांनी तिच्यावर एक घाव घातला आणि मगच लाइन मोकळी करायला होकार दिला.