आठव्या हेन्रीच्या सहा राण्या: विंचकमची वाट आणि विंडसरचा रविवार

'इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या सहाही राण्यांची थडगी दोन दिवसांत आरामात होतात', असं आम्हाला लंडनमधल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं. होत नाहीत. मला आणि ताईला पाच दिवस लागले, त्यातला एक अख्खा चिखलात गेला.

सगळं अडलं ते शेवटच्या राणीपाशी. कॅथरीन पार लंडनच्या आसपास नाही. विंचकम गावाबाहेर सूडली किल्ल्याच्या आवारातल्या सेंट मेरी चर्चमध्ये तिचं थडगं आहे. चेल्टनमपर्यंत रेल्वे, पुढे बस. 'टेकडी उतरलात की गावच', हे ऐकून आम्ही बस सोडली आणि क्लीव्ह हिलवरून चालत निघालो. टेकडी जेमतेम ३३० मीटरची, चढाचं काहीच वाटत नाही. बेलास नॅप या पाच हजारांहून अधिक वर्षं जुन्या दफनटेकाडापर्यंत मजेत गेलो. तिथून रस्त्याला लागेपर्यंतची उतरण मात्र पाऊस पडून गेलेला असेल तर टाळाच. शेताच्या कडेची पायवाट नुसती निसरडी, धरायला काही नाही. ताई दोनदा घसरून बसली, दुसऱ्यांदा मनगट मुरगळलं. अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास गेला. चांगल्या पकडीचे बूट नसतील तर सरळ बस धरा.

किल्ल्यावर पोचलो तेव्हा शेवटच्या प्रवेशाला वीस मिनिटं उरली होती. चर्च आवारातच असल्यामुळे तिकीट काढावंच लागतं. परतीची बस चुकली. टॅक्सीवाल्याने फोनवर ३० पौंड सांगितले होते, उतरताना ४८ घेतले. म्हणे बुटांच्या चिखलाने गाडी खराब झाली. भाडं आधी लेखी मेसेजवर घ्या.

आणि तरीही सूडली चुकवू नका. जुलै १५४३ मध्ये कॅथरीनचं हेन्रीशी लग्न झालं तेव्हा त्याच्या आधीच्या राण्यांच्या मुली मेरी आणि एलिझाबेथ दोघी वारसाहक्कातून बाद होत्या. १५४४ च्या कायद्याने त्या सावत्र भाऊ एडवर्डच्या मागे पुन्हा रांगेत आल्या. या सावत्र मुलांना जीव लावणारी ही बाई. हेन्रीनंतर तिने थॉमस सीमोरशी लग्न केलं, पहिलंच मूल झालं आणि सहाव्या दिवशी, ५ सप्टेंबर १५४८ ला, ती गेली. त्या संगमरवरी पुतळ्यापाशी उभी राहिले आणि दिवसभराचा शीण उतरला.

विंडसर किल्ल्यात रविवारी जाऊ नका. तिथलं सेंट जॉर्ज चॅपल त्या दिवशी पर्यटकांना बंद असतं, हे आम्हाला पूर्ण तिकीट काढून आत गेल्यावर कळलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला मात्र फुकट जाता येतं. तसंच गेलो, म्हणून मधल्या जमिनीतली ती काळी फरशी दिसली. खाली हेन्री आणि त्याची तिसरी राणी जेन सीमोर. मुलगा दिला म्हणून तिची जागा त्याच्याशेजारी, पण एडवर्डच्या जन्मानंतर ती बारा दिवसच जगली.

टॉवर ऑफ लंडनमधल्या हिरवळीवर काचेची उशी ठेवलेलं स्मारक आहे, सगळे तिथेच फोटो काढतात. दुसरी राणी ॲन बोलिन हिचा वधमंच बहुधा तिथे नव्हताच, व्हाइट टॉवरच्या उत्तरेला होता, असं अनेक इतिहासकार मानतात. तो वेळ शेजारच्या चॅपलला द्या. ॲन आणि पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड दोघी तिथेच पुरलेल्या आहेत. १९ मे १५३६ ला ॲनचं डोकं उडवलं, अकराव्या दिवशी हेन्रीने जेनशी लग्न केलं. तिथे उभं राहून या तारखा आठवल्या की पोटात कालवतं.

पीटरबरो सोपं. तिथल्या कॅथीड्रलमध्ये पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरॅगॉन हिच्या थडग्यावर लोक डाळिंबं ठेवतात, ते तिचं चिन्ह. आम्हीही ठेवलं.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये चौथी राणी ॲन ऑफ क्लीव्हजचं थडगं मुख्य वेदीजवळ इतकं बुटकं आहे की आम्ही एकदा पुढे निघून गेलो. सेवकाला विचारा. मग मेरी-एलिझाबेथकडे जा. दोघी बहिणी एकाच थडग्यात, वर पुतळा मात्र एकट्या एलिझाबेथचा. मेरीचं नाव पायथ्याच्या लॅटिन ओळींत शोधावं लागतं. इथेही रविवारी पर्यटकांना प्रवेश नाही.