सीएसआरचा चेक आणि आमचे दोन मयत ट्रस्टी

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा फंड मिळवायचा तर प्रपोजल कसं लिहा, पीपीटीत फोटो किती टाका, हे सांगणारे पायलीला पन्नास भेटतात. आधी तुमच्या ट्रस्टचं शेड्यूल वन (ट्रस्टी कोण ते सांगणारा सरकारी उतारा) काढून बघा, हे मला एकानेही सांगितलं नाही, म्हणून लिहितेय. आणि खरं म्हणजे अजून राग गेलेला नाही म्हणूनही.

आमची संस्था मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या अशा बायकांचे बचत गट, शिवणकाम, शेळ्या, असं काम वीसेक वर्षं चाललंय. मी पतसंस्थेतून रिटायर झाले आणि इथले हिशेब बघायला लागले. पगार नाही, चहा मिळतो. तर आमच्या एका गटाला डाळ मिल टाकायची होती. आमच्याकडे तूर पिकते, ती आडतीवर जाते आणि तीच डाळ होऊन दुपटीच्या भावाने किराणा दुकानातून परत येते, मधला पैसा भलत्याच्याच खिशात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल दोघीतिघी जाऊन बघून आल्या आणि तेव्हापासून मीटिंगमध्ये दुसरा विषय नाही. मशीन, शेड, थ्री फेज कनेक्शन आणि हंगामात तूर भरून ठेवायला भांडवल, हे सगळं धरलं तर आमच्या नेहमीच्या देणगीदारांच्या आवाक्याबाहेर जात होतं. मग ओळखीओळखीतून पुण्याकडची एक कंपनी मिळाली.

कंपनीपुढे फार हात जोडून उभं राहू नका बरं का. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे, आदल्या वर्षी ५ कोटींचा निव्वळ नफा किंवा १००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींची नेटवर्थ, यातलं काहीही एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम त्यांना खर्च करावीच लागते. गरिबी निवारण, महिलांचं सक्षमीकरण हे त्या यादीत नावानिशी आहे. म्हणजे त्यांनाही आपली गरज असते, फक्त ते तसं दाखवत नाहीत.

१२ए (संस्थेला इन्कम टॅक्स माफ), ८०जी (देणगीदाराला टॅक्समध्ये सूट), संस्थांच्या दर्पण या सरकारी पोर्टलचा नंबर, हे आमचं सगळं होतं. सीएसआर-१ फॉर्म (एप्रिल २०२१ पासून तो भरल्याशिवाय कंपनी पैसे देऊच शकत नाही) आमच्या सीएंनी एका ट्रस्टीची डिजिटल सही घेऊन भरून टाकला, काही त्रास नाही. प्रपोजल आवडलं, कंपनीच्या मॅडम गावात येऊन गेल्या, बायकांच्या हातची भाकरी-ठेचा खाऊन गेल्या. सप्टेंबरात तोंडी होकार. मला वाटलं दिवाळीपर्यंत मशीन येईल.

मग आलं ड्यू डिलिजन्स, म्हणजे पैसे देण्याआधीची संस्थेच्या कागदांची तपासणी.

हे कंपनी स्वतः करत नाही, एका एजन्सीला दिलेलं असतं, त्यांचं पोर्टल असतं, आणि त्या पोर्टलला महाराष्ट्रातला सार्वजनिक ट्रस्ट काय असतो ते माहीत नसतं. आपल्याकडे १९५० च्या कायद्याने ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि ट्रस्टी कोण हे शेड्यूल वन म्हणजे त्यांच्या रजिस्टरचा उतारा सांगतो. ट्रस्टी बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा. तो मंजूर होईपर्यंत उताऱ्यावर जुनीच नावं. आमच्या उताऱ्यावर सात नावं होती, त्यातले दोघं वारलेले आणि एक ताई राजीनामा देऊन मुलीकडे हैदराबादला गेलेल्या. दर्पणवर आणि सीएसआर-१ ला सध्याच्या लोकांची नावं. झालं, पोर्टलवर लाल अक्षरात मिसमॅच.

एजन्सीतल्या मुलाचा फोन. म्हणे मॅम, शेड्यूल वनवर जेवढी नावं तेवढ्यांचे पॅन, आधार कंपल्सरी आहेत. म्हटलं बाबा, यातले दोघं मयत आहेत. तो म्हणाला ओके, मग त्यांचं डेथ सर्टिफिकेट सेल्फ अटेस्ट करून टाका. म्हटलं कुणाची सही घेऊ? म्हणाला, ज्यांचं आहे त्यांचीच. मी फोन ठेवला आणि पाणी प्यायले.

आता आमच्या लोकांनी चेंज रिपोर्ट टाकलेच नव्हते असं नाही. एक २०१६ चा, एक २०२१ चा, दोन्ही मुदतीत, पोच घेऊन. पण पहिल्याचा निकाल नाही म्हणून दुसरा हलत नाही, कारण २०२१ च्या मीटिंगला जे ट्रस्टी म्हणून बसले होते ते ट्रस्टी आहेत की नाही हेच २०१६ च्या निकालावर अवलंबून. आणि २०१६ ची फाइल कुठाय? सापडत नाही.

जिल्ह्याच्या त्या धर्मादाय कार्यालयाचं नाव घेत नाही, पुढे पण तिथेच जायचंय. वऱ्हांड्यात एक बाकडं, त्याचा एक पाय विटेवर. आत कपाटांवर छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, आणि वरच्या दप्तरांवरची चिठ्ठी खालून वाचताच येत नाही. क्लार्क भला माणूस, पण एकच वाक्य, रेकॉर्डला बघतो, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेलं की साहेब नाहीत, त्यांच्याकडे शेजारच्या जिल्ह्याचा पण चार्ज, इथे ठरावीक वारीच बसतात, आणि तो वार कधी बदलला ते बोर्डावर लिहिलेलं नसतं. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक लागली तर अर्धा स्टाफ इलेक्शन ड्युटीला. मला त्या लोकांचा राग नाही, एकेका माणसावर किती फायली आहेत ते डोळ्यांनी दिसतं. राग याचा येतो की फाइल सापडत नाही हे ते इतक्या शांतपणे सांगतात की जणू आपणच घरी नेऊन ठेवलीय. आणि एसटीने गेलं की अख्खा दिवस जातो हो, इकडे बायका विचारतात ताई मशीन कधी, त्यांना काय सांगू, कपाटात अडकलंय म्हणून?

तिकडे कंपनीच्या मॅडमचा सूर बदलत चाललेला. जानेवारीत स्पष्टच म्हणाल्या, मार्चएंडच्या आत रिलीज झालं नाही तर हा फंड दुसऱ्या प्रोजेक्टला जाईल. मी वाचलं होतं की प्रोजेक्ट एकाहून जास्त वर्षांचा म्हणजे ऑनगोइंग दाखवला तर न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकून पुढे वापरता येते, ते विचारलं, तर म्हणे आमच्या बोर्डाने तुमचा प्रोजेक्ट ऑनगोइंग म्हणून मंजूर केलेला नाही. हे सुरुवातीलाच विचारून घ्या! मशीन, शेड, ट्रेनिंग असं काही असेल तर एका वर्षात बसतच नाही, प्रपोजलमध्येच दोन-तीन वर्षांचं मांडा.

सुटलं कसं, तर आमच्या जुन्या सेक्रेटरी बाई फार टापटीप. त्यांच्या घरी एका दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली २०१६ च्या रिपोर्टची अख्खी झेरॉक्स होती, आवक नंबर आणि गोल शिक्क्यासकट. वकीलसाहेबांनी त्यावरून अर्ज टाकला की फाइल गहाळ असेल तर आमच्या प्रतीवरून नवीन तयार करा, आणि सोबत लवकर सुनावणीचा अर्ज, त्याला कंपनीचं पत्र जोडलं की मार्चनंतर निधी मिळणार नाही. गंमत बघा, गहाळचा अर्ज आवक झाला आणि फाइल सापडली. दुसऱ्याच तालुक्याच्या दप्तरात होती. लेखी अर्जाला जे जमतं ते तोंडी विनंतीला जमत नाही, एवढं मी आता कुणालाही शपथेवर सांगेन.

पुढे मृत्यूचे दाखले, हैदराबादच्या ताईंचं प्रतिज्ञापत्र, नवीन ट्रस्टींची संमतीपत्रं, मीटिंगची नोटीस सगळ्यांना पोचल्याचा पुरावा, हे सगळं दिलं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ट्रस्टींच्या बदलाला १५ कामाच्या दिवसांत तात्पुरती मान्यता द्यायची आणि ३० दिवस हरकती मागवायच्या अशी तरतूद आहे, आपल्या वकिलाला याबद्दल जरूर विचारा, आपणहून कुणी सांगत नाही. साहेबांनी दोन्ही रिपोर्ट एकामागोमाग घेतले, ऑर्डर झाली. मी पेढे घेऊन टाकले. वकीलसाहेब म्हणाले थांबा, ऑर्डरचा अंमल अजून रजिस्टरला यायचाय. म्हणजे ऑर्डर वेगळी, उताऱ्यावर नाव चढणं वेगळं, आणि मग त्या उताऱ्याची सही-शिक्क्याची नक्कल आणखी वेगळी. ती नक्कल हातात आली तेव्हा मी खरंच बाकड्यावर बसून सात नावं परत परत वाचली. सगळे जिवंत.

पहिला हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जमा झाला.

या सगळ्या काळात संस्था चालली ती साध्या माणसांवर, हे मुद्दाम सांगायचंय. वकिलाची फी, एसटीचं भाडं, शेडच्या जागेचं भाडं, ह्यातलं काहीही कंपनीच्या बजेटमध्ये बसत नाही. ते दिलं महिन्याला पाचशे, हजार देणाऱ्यांनी. एक रिटायर्ड मास्तर आहेत, पेन्शन जमा झाली की त्यांचा मेसेज येतो, "पाठवले, पावती सावकाश". पुण्यातल्या एका भिशीच्या बायकांनी एका महिन्याची अख्खी भिशी आमच्याकडे वळती केली. कंपनीचा आकडा मोठा असतो पण तो मशीनचा असतो. मशीन येईपर्यंत दिवे कोण लावणार?

पण छोट्या देणग्यांचा हिशेब मोठ्या चेकपेक्षा डोकं खातो. २००० च्या वर रोख घेतली तर देणाऱ्याला ८०जी मिळत नाही, त्यामुळे रोख नकोच म्हणा. यूपीआयने पैसे येतात आणि नाव दिसतं "साई मोबाइल शॉपी", आता हा कोण? त्याच दिवशी फोन करून नाव, पत्ता, पॅन घ्या, कारण वर्ष संपलं की ३१ मेच्या आत १०बीडी, म्हणजे देणगीदारांच्या यादीचा फॉर्म, इन्कम टॅक्सकडे भरायचा असतो, त्यात प्रत्येक देणगीदार ओळख नंबरासकट जातो आणि त्यातूनच त्यांचं १०बीई हे देणगीचं सर्टिफिकेट निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी. नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्यांना ८०जीचा फायदाच नाही, तरी त्यांचीही माहिती घ्यावी लागते आणि ते वैतागतात, मला कशाला पॅन मागता म्हणून. समजावत बसावं लागतं.

हो, आणि माझ्या न्यूजर्सीच्या मावसभावाने डॉलर पाठवतो म्हटलं, मी नाही म्हटलं. तो आता अमेरिकन नागरिक आहे, एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) नसताना त्याचे पैसे घेतले तर भलतंच लचांड. भारतीय पासपोर्टवाल्या एनआरआयने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिले तर चालतात, त्यामुळे आधी पासपोर्ट कुठला ते विचारायचं. तो रुसला, पण गेल्या दिवाळीत आला होता तेव्हा बोलला परत.

कंपनीशी माझं अजून एक भांडण चालू आहे. मॅडम म्हणतात ॲडमिन खर्च ५ टक्क्यांच्या वर चालणार नाही, कायदा आहे. अहो, ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चाला आहे, प्रोजेक्टवर प्रत्यक्ष राबणाऱ्या आमच्या कार्यकर्तीच्या पगाराला नाही. नियम प्रिंट काढून दिला, कार्यकर्तीचा पगार मान्य झाला. हिशेब ठेवणाऱ्याचा मात्र नाही, आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला), दर तिमाहीचा रिपोर्ट, जीपीएसवाले फोटो हे सगळं मागतात तेच लोक.

मिल चालू आहे, गटाच्या डाळीला गावातच गिऱ्हाईक मिळालंय, लाइट गेली की बायका महावितरणला शिव्या घालतात आणि चुणी (डाळीचा उरलेला चुरा) आमच्याच शेळ्यांना जाते. आता दुसऱ्या हप्त्याचे कागद चालू आहेत. मी काही जन्मभर फुकट हिशेब लिहीत बसणार नाही, गुडघे बोलायला लागलेत, तेव्हा कुणाच्या कंपनीने अर्धवेळ का होईना हिशेबनिसाचा पगार बजेटमध्ये धरला असेल तर त्या बजेटची ती ओळ कशी लिहिली होती ते मला सांगा.