शिळं

आज उंदराच्या मेंदूच्या सगळ्या स्लाइस फुगल्या. एकही वाचली नाही. अकराला मायक्रोस्कोपखाली घेतली तर पेशी गोल, टम्म, आणि आतलं केंद्रक अगदी ठसठशीत. केंद्रक असं उठून दिसलं की पुढे बघण्यात अर्थ नसतो.

बाटली मला सकाळीच पिवळसर वाटली होती. ॲस्कॉर्बेटचं द्रावण परवाचं, फ्रिजमधलं. उजेडाकडे धरून पाहिलंसुद्धा. मग मीच म्हटलं, ट्यूबलाइटचा रंग असेल. ताजं करायला दहा मिनिटं लागली असती. पाऊस होता, चांदणी चौकात अर्धा तास अडकले, उशीर झाला होता. लिहिताना ही कारणं मलाच पटत नाहीयेत.

सर म्हणाले, "होतं असं. उद्या परत लावू." त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. तीन आठवडे एकटी राबतेय, दसऱ्यालाही दुपारी लॅबमध्येच होते, आणि आई तेव्हा जे म्हणाली ते... जाऊ दे.

उंदीर मात्र डोक्यातून जात नाही.

300 मायक्रॉनची स्लाइस म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही. तिला रक्तपुरवठा नाही, म्हणून द्रावणात 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचा. तो ऑक्सिजन तिला जगवतो आणि मेंदूतल्या स्निग्धांशाला पोळतोही. मेंदूतल्या पेशींनी आपल्याजवळ ॲस्कॉर्बेट साठवलेलं असतं, रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. काप घेतला की ते पाझरून जातं, पेशी पाणी ओढतात, फुगतात. म्हणून हे अँटिऑक्सिडंट बाहेरून घालायचं. शेवटी काय, क जीवनसत्त्वच. आपल्याला ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. उंदराचं यकृत ते स्वतः तयार करतं. त्याला जन्मात कधी ते कुणाकडे मागावं लागलं नव्हतं. आज पहिल्यांदा लागलं, आणि मी त्याला शिळं दिलं.

दुपारभर हेच. जेवताना हेच. त्याला पिंजऱ्यातून मी उचललं होतं, हाताला ऊब लागली होती.

संध्याकाळी वहीत आधी "स्लाइस खराब" एवढंच लिहिलं होतं. ते खोडलं. "ॲस्कॉर्बेट दोन दिवसांचं, पिवळसर, तरी वापरलं" असं लिहून खाली सही केली. सरांनाही सांगितलं. ते बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले, मग स्वतःच ती सिंकमध्ये ओतली.

आता रडू येत नाहीये. उशीर झाला की मी डोळ्यांना दिसलेलं नाकारते, हे आज मला माझ्याबद्दल कळलं. तेव्हा ठरवलंय, पिवळं दिसलं की विचार करत बसायचं नाही, ओतायचं.

उद्याचे बाकीचे क्षार मोजून पुड्या बांधून ठेवल्यात. ॲस्कॉर्बेटचा कागद रिकामाच आहे. त्यावर पेनाने "सकाळी" लिहून आलेय.